कार्डाचा कोरा कोपरा

माझ्या चौदाव्या वर्षी मी एका धडधाकट बाईला पोस्टानं मारलं. बाई ठाण्यात, नौपाड्यात, आमच्या वरच्या मजल्यावर चकलीची भाजणी भाजत होत्या आणि तिकडे टिटवाळ्यात त्यांच्या नावानं आंघोळ झाली. मी केलं होतं काय? कार्ड पेटीत टाकायला नेताना त्याचा एक कोरा कोपरा फाडून घेतला होता. एवढंच. हे मी आजवर घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. नातवंडांना वाटतं, आपली आजी लहानपणापासून मोठी परोपकारी. होते ना. त्या परोपकाराचीच ही हकीकत आहे.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. देशासाठी तुरुंगात जायचं आपलं राहूनच गेलं याची मला फार चुटपुट होती, म्हणून मी म्हाताऱ्या माणसांची कामं करायला घेतली. कर्ते पुरुष सकाळच्या गाडीनं मुंबईला गेले की आमच्या दुमजली चाळीत उरायच्या बायका आणि म्हातारी माणसं. कुणाचं रेशन आणायचं, कुणाच्या चष्म्याची दांडी बसवून आणायची, कुणाला पेपर वाचून दाखवायचा. शाळा सुटली की मी दप्तर टाकायची आणि पिशवी उचलायची. आई म्हणायची, "घरातला केर काढायला सांगितला की हिचे पाय दुखतात, आणि लोकांसाठी स्टेशनापर्यंत पळते." खरंच होतं ते. घरातल्या केराचं कोण कौतुक करणार? म्हाताऱ्यांकडे कौतुकाचा मोठा साठा असतो आणि तो घ्यायला दारात कुणी नसतं. मी रोज हजर.

सगळंच काही कौतुकासाठी नव्हतं, हेही सांगते. खालच्या मजल्यावर एक दमेकरी आजोबा होते. त्यांच्या काढ्याचं सामान आणून दिलं की ते ज्येष्ठमधाची पुडी नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता आजची रात्र बरी जाईल." त्या वाक्यानं माझ्या पोटात काहीतरी निवायचं. परीक्षेत पहिली आले असते तरी तसं निवलं नसतं, असं मला वाटायचं. पहिली कधी आलेच नाही, तेव्हा नक्की सांगता येत नाही.

माझं खरं ठाणं मात्र वरच्या मजल्यावर, मास्तरांच्या बिऱ्हाडात. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, पासष्टी उलटलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्या झाडासारखा दिसायचा, पण बोलण्यातली चूक लगेच दिसायची. त्यांच्या बायकोला आम्ही सगळी मुलं आजीच म्हणायचो. आजींना अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी लग्नानंतर पाटी आणून दिली होती, ती आजींनी पापड लाटायला घेतली, असं मास्तर सांगायचे. आजी म्हणायच्या, "निदान वापरली तरी. तुमच्या निम्म्या पोरांनी तेवढंही केलं नाही."

या आजींचा एकच सख्खा भाऊ टिटवाळ्याला राहायचा, त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटा. त्या दोघांचं अठरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल, मीही हसले होते. आजींच्या मुलीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला उपरणं आधी दिलं गेलं आणि मुलीच्या मामाला, म्हणजे या भावाला, नंतर. पंगत बसली होती, चित्राहुती घालून झाल्या होत्या, तेवढ्यात कुणीतरी त्याला त्यावरून टोमणा मारला. तो भरल्या पानावरून उठला. आजी तूप वाढत होत्या. हातातली तुपाची वाटी तशीच धरून त्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जातोस तर जा. मी परत बोलवायची नाही." तो म्हणाला, "तू बोलावल्याशिवाय मी तुझ्या दारात पाय ठेवायचा नाही." दोघं एकाच आईची. दोघांनी शब्द पाळला. मास्तर दर दिवाळीत म्हणायचे, "एक कार्ड टाकू का?" आणि आजी म्हणायच्या, "तुमच्या बहिणीला टाका."

त्या वर्षी नवरात्रात टिटवाळ्याच्या देवळातून आलेल्या एका बाईंकडून आजींना कळलं की भाऊ फार थकलाय, ओटीवरून खाली उतरत नाही, चार घास जेवतो न जेवतो. आजींनी बाईंना कुंकू लावून वाटेला लावलं. पण वसुबारसेच्या दुपारी मास्तर घोरायला लागल्यावर त्यांनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं आणि डाळीच्या डब्यामागून एक कार्ड काढलं.

"यांना कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं सांगतायत, आता कळलं तर उरलेली वर्षं ऐकवतील. लिही."

मी ताठ बसले. निबंधात मला बरे गुण असायचे, तेव्हा आज काहीतरी उतरवायचं असा माझा बेत होता.

"लिही, यंदा भाऊबीजेला ये."

"आजी, आधी मायना असतो."

"घाल तो. लिही, यायचं असेल तर ये. नको, खोड. तो म्हणेल, मला कुठे यायचंय. लिही, ये."

"नुसतं ये?"

"मग काय पोवाडा लिहितेस? लिही, मी बोलवत्ये, ये. पान वाढून ठेवीन. त्या दिवशीचं पान तसंच राहिलंय." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चुलीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वाच." मी वाचलं. त्यांनी अंगठ्यानं डोळ्याची कड पुसली आणि म्हणाल्या, "अक्षर बरं आहे तुझं. आजच टाक. आणि सांभाळून ने, वाकवू नकोस."

वाकवलं नाही मी. कार्ड हातात सरळ धरून जिना उतरले. खाली दमेकरी आजोबा खिडकीशी बसले होते. "अगं, जातच्येस तर माझं एवढं आण. ज्येष्ठमध, अडुळसा, बेहडा, पिंपळी, आणि हो, काकडशिंगी." काकडशिंगी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पाठोपाठ शेजारच्या काकूंनी वातींचा कापूस सांगितला. एका फेरीत तीन कामं, याचा मला त्या वयात इतका अभिमान होता की परत वर जाऊन कागद आणणं मला कमीपणाचं वाटलं. पेन्सिल माझ्या वेणीत खोचलेली असायचीच. कागद? कार्डावर आजींच्या नावाखाली एक कोपरा नुसता कोरा पडला होता. पत्ता पलीकडच्या अर्ध्या भागात, मजकूर वर संपलेला. मी शहाणीनं विचार केला, हा इथे काय कामाचा? बोटभर तुकडा नखानं घडी घालून नीट फाडला, त्यावर काकडशिंगी लिहिली आणि कार्ड पेटीत टाकलं.

त्या काळी कुणी गेल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती, हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड घरात घेत नसत. दारातच वाचायचं, फाडायचं किंवा जाळायचं, आणि आंघोळ करायची. म्हणूनच तर मला ते ठाऊक नव्हतं. तसली कार्डं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलीच नाहीत. आई बाहेरच्या बाहेर वाट लावायची आणि आम्हा पोरांना म्हणायची, "आज गोड नाही." गोड का नाही हे विचारायची अक्कल मला नव्हती. काकडशिंगी मात्र बरोबर आणली.

भाऊबीजेला आजींनी बासुंदी केली. अळूची भाजी केली, कारण भावाला ती आवडायची. मास्तर स्वयंपाकघरात चाचपडत आले तेव्हा त्यांच्या पायाला तिसरा पाट लागला.

"आज पाट तीन कसे?"

"मोजण्यात चूक झाली."

मास्तर एवढे शिकलेले, पण त्या दिवशी त्यांनी ती चूक काढली नाही. ते आपल्या पाटावर बसले आणि म्हणाले, "मला घाई नाही. थांबू आपण."

मला आजींनी चार वेळा नाक्यापर्यंत पाठवलं. स्टेशनाकडून टांगे येत होते. कपाळाला टिळा लावलेले, हातात पिशव्या घेतलेले कुणाकुणाचे भाऊ उतरत होते. दर वेळी मी पळत वर यायची आणि दर वेळी आजी काही विचारायच्या आत तोंड फिरवायच्या. तीन वाजता त्यांनी मास्तरांना वाढलं. तिसरं पान वाढलं आणि झाकून ठेवलं. संध्याकाळी येऊरच्या डोंगरावर बीजेची कोर दिसली तेव्हा तबक घेऊन त्या गॅलरीत गेल्या आणि ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं त्यांनी चंद्राला ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून तबकाची एक कड मी धरली. आणि म्हटलं, "आजी, पुढच्या वर्षी येतील हं." किती समजूतदार आहोत आपण, असं माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की त्या पोरीची वेणी धरून ओढावीशी वाटते.

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं असताना मी रॉकेलचा डबा घेऊन जिना उतरत होते. खालून धोतर-टोपीतला एक चाळिशीचा माणूस हळूहळू चढत होता. मला बघून त्यानं टोपी काढली.

"बाळ, मास्तर वरच राहतात ना? कसे आहेत?"

"बरे आहेत. जेवतायत."

"जेवतायत ना? बरं झालं. खचून गेले असतील. जेवायचं कोण बघतं?"

"आजीच बघतात. आत्ता वाढतायत."

 तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "कोण वाढतंय?"

हा आजींचा भाचा. टिटवाळ्याच्या भावाचा एकुलता मुलगा. आजींच्या निधनाबद्दल मास्तरांना भेटायला आला होता. मीच त्याला हाताला धरून वर नेलं. आजींनी दारात त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "आलास? आणि तो कुठाय?" भाच्यानं तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाचा भिवंडीला नोकरीला होता, आठवड्यानं घरी जायचा. कार्ड आलं तेव्हा घरात त्याची बायको आणि ओटीवर म्हातारे सासरे, एवढीच माणसं. पोस्टमननं फाटका कोपरा बघितला आणि म्हाताऱ्याला दिसू नये म्हणून तो मागच्या दारानं गेला. "वहिनी, ठाण्याचं आहे, वाईट दिसतंय," एवढं म्हणून कार्ड दिलं आणि निघाला. बायकोला वाचता येत नव्हतं. ठाण्यात त्यांचं आपलं म्हणावं असं एकच माणूस. तिनं कार्ड न्हाणीच्या चुलीत घातलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, भरदुपारी आंघोळ कशाला? ती म्हणाली, अंगावर पाल पडली. एवढा थकलेला माणूस, त्याला सणाच्या तोंडावर हे कसं सांगायचं, म्हणून तिनं आणि पुढे तिच्या नवऱ्यानं ते पोटात ठेवलं. पोस्टमन चांगला, सून चांगली, भाचा चांगला. एकेकानं आपापल्या परीनं म्हाताऱ्याला जपलं.

"आणि तो?" आजींनी पुन्हा विचारलं.

"भाऊबीजेनंतर चार दिवसांनी उजवं अंग गेलं. वाचा गेली. माणूस ओळखतात, पण शब्द येत नाही."

आजी उठून भाच्यासाठी पाणी घेऊन आल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कार्ड तूच टाकलंस ना ग? तेव्हा नीट होतं ना?"

मी म्हणाले, "हो."

मास्तर म्हणाले, "पोस्टाच्या पेटीत उंदीर असतील."

मी म्हणाले, "हो, असतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही टिटवाळ्याला गेलो. मास्तरांना हात धरायला कुणी हवं, म्हणून मी. कल्याणहून पुढची गाडी रिकामी होती. आजींच्या मांडीवर बासुंदीचा डबा, अळूची भाजी, आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बोलल्या एकदाच, "उपरणं आधी त्यालाच द्यायला हवं होतं. सांगायचं राहून गेलं."

घर स्टेशनापासून पायी होतं. भाऊ ओटीवरच्या खाटेवर होता. आजींना बघून त्याचं डावं तोंड हललं, गळ्यातून काहीतरी निघालं, पण ते शब्द नव्हते. तो पुन्हा पुन्हा तेच करत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ते काय, हे कुणालाच कळत नव्हतं. आजी म्हणत होत्या, "कळलं, कळलं." मग त्यांनी पान मागवलं, त्याच्यापुढे वाढलं, त्याला ओवाळलं आणि त्याच पानातून एकेक घास त्याला भरवला. निम्मा घास खाली सांडायचा. आजी पदरानं पुसायच्या आणि पुढचा द्यायच्या.

पाणी आणायला मी मागच्या पडवीत गेले. तिथे सून आजींच्या पाया पडायची वाट बघत उभी होती. आजी हात धुवायला येताच ती त्यांच्या पायांवर कोसळली. "आत्याबाई, माझ्याच हातून झालं हो. दर दिवाळीला ते विचारायचे, ठाण्याहून कार्ड आलं का? यंदाही पाडव्याला विचारलं. मी नाही म्हटलं. मी जाळून बसले होते."

आजी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी घागरीशी उभी होते, दोन हातांवर. तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडायला काय लागतं? इतके दिवस सगळ्या नौपाड्याला मी माझ्या उपयोगीपणाच्या गोष्टी सांगत हिंडले होते. त्या बाईनं माझं पाप स्वतःचं म्हणून रडून घेतलं आणि मी तांब्या भरून घेऊन आत गेले.

भाऊ पौषात गेला. तोवर आजी दोनदा जाऊन आल्या. शब्द काही आला नाही त्याला. भाचा सांगायला आला तो दिवस मला आठवतो. मास्तर खाली मान घालून बसले होते आणि आजी म्हणत होत्या, "काय सांगायचं होतं रे त्याला? तुला काही अंदाज?" 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. मास्तर झोपले होते. मी सगळं सांगितलं, काकडशिंगीसकट. माफी मागायचंही मला नीट जमलं नाही. मी म्हणत राहिले, "तो कोपरा कोराच होता, आजी." आजी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात थांबला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "घरी जा."

मी गेले. आठ दिवस वरचा जिना चढले नाही. खालच्या आजोबांचंही काम केलं नाही, पिशवी खुंटीला. आई म्हणाली, "काय ग, देशसेवा संपली?" मी त्या आठ दिवसांत घरातला केर काढला, रोज, दोन वेळा. म्हाताऱ्यांची कामं मी पुढे जन्मभर केली, सासरी कल्याणला गेल्यावरही केली, पण एका फेरीत एकच, आणि दिलेली वस्तू जशीच्या तशी पोचवली. त्यातून सुख मिळालं, नाही असं नाही. पण दर खेपेला कुणी "सुखी राहा" म्हटलं की मला ओटीवरचं ते अर्धं हलणारं तोंड दिसायचं आणि मी तिथून घाईनं निघायची. लोकांना वाटायचं, विनयशील आहे.

नवव्या दिवशी आजींनी गॅलरीतून हाक मारली. मी वर गेले आणि दाराबाहेरच उभी राहिले. त्या मास्तरांचा सदरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "तुझ्यावर पुरतं रागवायचं म्हटलं तर मला अजून आठ-दहा वर्षं तरी लागतील, आणि तेवढी आता माझ्यापाशी नाहीत. अठरा त्याच्यावर घालवली. ये आत, यांचं बटण तुटलंय, सुईत दोरा ओवून दे."